कोरड्या हवेचे उपसागर: नदी नाही, तरी पाणी वाहतं

समुद्रफेन

शाळेच्या पुस्तकातली खाडी सगळ्यांना माहीत असते. नदी येते, गोडं पाणी वरवर समुद्राकडे सरकतं, खारं पाणी तळातून आत घुसतं, मध्ये कुठेतरी मचूळ. जितकं आत जावं तितकं पाणी गोडं. जिथे हे चित्र पार उलटं होतं त्या उपसागरांसाठी हा धागा.

पाऊस वर्षाला दोनशे-तीनशे मिलिमीटर, नदी नावापुरती आणि बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट, अशा ठिकाणी आत जावं तसं पाणी जास्त खारट होत जातं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं स्पेन्सर आखात घ्या. मुखाशी क्षारता ३६ च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात ३६ ग्रॅम क्षार. तिथून तीनशे किलोमीटर आत, पोर्ट ऑगस्टाच्या टोकाला, उन्हाळा संपता संपता ती ४८ च्या घरात जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेचा सगळ्यात आतला कोपरा, हॅमेलिन पूल, समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट. पर्शियन आखातात कतारच्या पश्चिमेला साल्वाचा चिंचोळा भाग आहे, तिथे आतल्या बाजूला ५५ च्या पुढे.

आता हिशेब मांडू. समजा रोज ६ मिलिमीटर पाणी उडतंय. वाफेबरोबर मीठ जात नाही. पातळी मात्र खाली जात नाही, कारण जेवढं उडालं तेवढं समुद्रातून आत येतं आणि येताना आपलं मीठही घेऊन येतं. पाणी येतं आणि उडून जातं. मीठ येतं ते राहतं. पाच मीटर खोल उपसागरात दोन महिने असं चाललं तर ३५ ची क्षारता ३७.५ होईल. वर्षभरात ५० गाठेल. शंभर वर्षांत तिथे मिठाचं मैदान व्हायला हवं. पण ही आखातं हजारो वर्षं आहेत आणि अजून त्यांत मासे पोहतायत. म्हणजे मीठ कुठून तरी बाहेर पडतंय.

ते तळातून पडतं. आतलं खारट पाणी जड होतं, खाली बसतं आणि उताराने मुखाकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला समुद्राचं पाणी वरून आत येतं. नदीच्या खाडीत वरून बाहेर आणि तळातून आत, इथे नेमकं त्याच्या उलट. म्हणून याला उलटी खाडी म्हणायला हरकत नसावी.

मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०० साली याचा जमाखर्च दोन ओळींत बसवला. एक ओळ पाण्याची, एक मिठाची. आत येणारं पाणी ३६ क्षारतेचं आणि बाहेर जाणारं ३९ चं असेल, तर दोन्ही ओळी जुळायला १३ वाटे आत यावे लागतात, १२ वाटे बाहेर जावे लागतात आणि १ वाटा वाफ होते. ताळा करून बघा: १३ × ३६ आणि १२ × ३९, दोन्ही ४६८. एका वाट्याच्या वाफेपायी तेरा वाट्यांची उलाढाल! आणि बाहेर जाणारं पाणी ३९ ऐवजी ३७ चं असेल तर ३७ वाटे आत, ३६ बाहेर. म्हणजे त्याच उन्हात जो उपसागर कमी खारट, त्याची समुद्राशी देवाणघेवाण जास्त जोरात.

याच गणितातून पाणी आत किती दिवस अडकलं तेही अंदाजाने काढता येतं. खोली गुणिले क्षारतेतला फरक, भागिले बाष्पीभवन गुणिले क्षारता. पाच मीटर खोली, समुद्रापेक्षा २ ने जास्त क्षारता, रोजचे ६ मिलिमीटर: उत्तर साधारण ४८ दिवस. म्हणून माझं म्हणणं असं की उपसागराचा खारटपणा हवेबद्दल जेवढं सांगतो त्याहून जास्त पाण्याच्या मुक्कामाबद्दल सांगतो. यावर मतं, शंका, भर, सगळ्याचं स्वागत.

भिंगरी | *वाचतेय*

मस्त विषय. १३-१२-१ चा हिशेब कागदावर करून पाहिला, जुळला. :)

डोकेफोड | *मूलभूत शंका*

एक गोष्ट गळी उतरत नाहीये. बाष्पीभवन होतं म्हणजे ऊन आहे. ऊन आहे म्हणजे पाणी तापलंय. तापलेलं पाणी हलकं. मग खारट झालं म्हणून ते तळाशी का जाईल? तापल्यामुळे वरच तरंगायला हवं ना? दोघांपैकी जिंकतं कोण?

समुद्रफेन | *महिना बघून*

डोकेफोड, धाग्याचा गाभाच पकडलात.

आधी आकडे. वीस-पंचवीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात क्षारता १ ने वाढली तर घनमीटरमागे साधारण पाऊण किलो वजन वाढतं. तापमान १ अंशाने वाढलं तर पाव किलोहून थोडं जास्त कमी होतं. म्हणजे क्षारतेचा एक आकडा बरोबर तापमानाचे अडीच-तीन अंश. आता कुठलाही उथळ, कोरड्या हवेतला उपसागर घ्या आणि वर्षभर त्याच्यासोबत चला.

वसंतात ऊन वाढतं. उथळ पाणी पटकन तापतं, दोन-तीन आठवड्यांत बाहेरच्या समुद्रापेक्षा पाच-सहा अंश जास्त. क्षारतेला मात्र घाई नसते. ती मिलिमीटर मिलिमीटरने वाढते. त्यामुळे आत ६ अंश जास्त आणि क्षारता फक्त १ जास्त अशी स्थिती येते. तापण्यामुळे घनमीटरमागे दीड किलोहून जास्त कमी, मिठामुळे पाऊण किलो जास्त. उष्णता जिंकली. आतलं पाणी हलकं, ते वरून बाहेर जातं आणि समुद्राचं गार पाणी तळातून आत येतं. नदीचा थेंब नसताना हा उपसागर नदीच्या खाडीसारखा वागतो! नदीचं काम ऊन करतं.

उन्हाळा सरत येतो तेव्हा आतल्या टोकाला क्षारता समुद्रापेक्षा ५ ने वर गेलेली असते. तापमानाचा फरक मात्र सहा-सात अंशांवरच अडलेला, कारण तापलेलं पाणी तितकीच उष्णता वाफेवाटे बाहेरही टाकतं. आता मिठाचे पावणेचार किलो, उन्हाचे जेमतेम दोन. आतल्या टोकाला मीठ जिंकलं.

गंमत मधल्या पट्ट्यात आहे. मुखाजवळचं पाणी गार म्हणून जड. आतल्या टोकाचं खारट म्हणून जड. मधलं पाणी तापलंय पण अजून फारसं खारावलेलं नाही, म्हणून सगळ्यांत हलकं. आतल्या टोकाकडून जड पाणी तळाने बाहेर निघालं तरी वाटेत या मधल्या पाण्यात मिसळून त्याचं वजन घटतं आणि त्याला मुखाशी बसलेलं तितकंच किंवा जास्त जड पाणी आडवं येतं. त्यामुळे ज्या महिन्यांत मीठ सर्वांत वेगाने तयार होतं, त्याच महिन्यांत त्याची बाहेर जायची वाट सर्वांत अरुंद. कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगो उपसागरासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या उपसागरांत आतलं पाणी उन्हाळाभर रेंगाळतं ते यामुळेच.

मग थंडी येते. उथळ पाणी जसं पटकन तापतं तसंच पटकन निवतं, पण मीठ काही थंडीने कमी होत नाही. आता आतलं पाणी समुद्रापेक्षा गार आणि खारटही. दोन्ही वजनं एकाच पारड्यात. उन्हाळाभर साचलेलं मीठ तळातून सुटतं. स्पेन्सर आखातात हेच होतं: उन्हाळ्यात मुखाशी आतलं उबदार-खारट आणि बाहेरचं गार-कमी खारट पाणी घनतेने जवळपास सारखं होऊन समोरासमोर थोपून राहतं, देवाणघेवाण फारच मंद. मोठा निचरा हिवाळ्यात. तो जड प्रवाह कांगारू बेटाजवळून खंडाच्या मंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) आणि पुढे खोल समुद्राकडे उतरतो.

रिकामटेकडा | *+१*

"नदीचं काम ऊन करतं" हे आवडलं. प्रवाह पूर्वेच्या बाजूने बाहेर जातो असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. का बरं?

समुद्रफेन | *पृथ्वीचं फिरणं*

आखात रुंद असलं की वर-खालीसोबत डावं-उजवंही होतं. दक्षिण गोलार्धात वाहतं पाणी डावीकडे कलतं. दक्षिणेला बाहेर जाणारं पाणी डावीकडे म्हणजे पूर्व किनाऱ्याला लागून जातं, उत्तरेला आत येणारं पश्चिम किनाऱ्याला. पर्शियन आखात उत्तर गोलार्धात, तिथे पाणी उजवीकडे कलतं. होर्मुझमधून आत शिरणारं समुद्राचं पाणी इराणच्या किनाऱ्याने जातं आणि खारट, जड पाणी दक्षिणेकडच्या अरबी बाजूने तळातून बाहेर पडतं. चिंचोळ्या उपसागरात हा परिणाम विसरला तरी चालेल.

पाणकोंबडी | *भरती-ओहोटी कुठे गेली?*

चर्चा छान चाललीय, पण वरचा थर, तळाचा थर असं बोलताना सगळे एक गोष्ट विसरतायत. भरती. कच्छच्या आखातात आतल्या बाजूला कांडला-नवलखीकडे उधाणाला सहा-सात मीटरची भरती येते. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होत असेल तर ते वरपासून तळापर्यंत घुसळलं जाणार. थर राहतीलच कसे? तिथेही पावसाळ्याआधी आतल्या टोकाची क्षारता ४० च्या वर जाते आणि मुखाकडे ३६-३७ असते, म्हणजे आखात उलटं आहेच. मग मीठ बाहेर कसं येतं?

समुद्रफेन | *दोन वाटा*

मुद्दा बिनतोड. मीठ बाहेर यायला तळाचा प्रवाह ही एक वाट. दुसरी वाट घुसळणीची. भरतीचं पाणी आत जातं तेव्हा वाटेतल्या बेटांमागे, उथळ पट्ट्यांवर, उपखाड्यांत शिरतं आणि तिथल्या जास्त खारट पाण्यात मिसळतं. ओहोटीला बाहेर येणारं पाणी तेच नसतं. त्यात आतलं थोडं मिसळलेलं असतं. प्रत्येक फेरीला मिठाचा थोडा वाटा मुखाच्या दिशेने सरकतो. थर नसले तरी काम होतं. वर दिलेलं मुक्कामाचं गणित इथेही चालतं, कारण मीठ कुठल्या वाटेने गेलं हे त्याला कळतच नाही.

पण जोरदार भरतीच्या ठिकाणीही महिन्यातून दोनदा भांग, म्हणजे सर्वांत कमी भरतीचे दिवस, येतोच. त्या दिवसांत घुसळण मंदावते आणि दबून असलेला थरांचा प्रवाह डोकं वर काढतो. याचा टोकाचा नमुना पुन्हा दक्षिण ऑस्ट्रेलियातच आहे. चंद्रामुळे येणारी भरती १२ तास २५ मिनिटांच्या फेऱ्याने येते, सूर्यामुळे येणारी १२ तासांच्या. बहुतेक किनाऱ्यांवर चंद्राची भरती सूर्याच्या दुपटीहून मोठी असते, म्हणून भांगाला भरती कमी होते पण संपत नाही. स्पेन्सर आणि सेंट व्हिन्सेंट या आखातांत मात्र दोघींची उंची जवळपास सारखी आहे. दर पंधरवड्याला त्या एकमेकींना खोडून टाकतात आणि दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, पाण्याची पातळी हलतच नाही. तिथले कोळी याला डॉज टाइड म्हणतात. एरवी घुसळलेलं पाणी या शांततेत थर धरतं. तळाशी जास्त खारट, वर कमी. भरती परत सुरू झाली की थर मोडतात. म्हणजे वर्षाच्या घड्याळात एक पंधरवड्याचं घड्याळ बसवलेलं आहे.

डोकेफोड | *धन्यवाद*

महिन्याचा आणि तिथीचा, दोन्ही हिशेब आले. शंका फिटली.

तिरकस | *एवढं काय त्यात*

सगळं वाचलं. सार एका ओळीत: वाळवंटाशेजारी समुद्र असेल तर उपसागर खारट. यासाठी एवढा मोठा धागा?

पाणकोंबडी | *@तिरकस*

ती ओळ चूक आहे, म्हणून. चिलीतलं अटाकामा आणि आफ्रिकेतलं नामिब ही जगातली सगळ्यांत कोरडी किनारी वाळवंटं. तिथले उपसागर हॅमेलिन पूलसारखे खारट नाहीत. एक तर ते बहुतेक उघडे आहेत, पाणी मुक्कामाला राहतच नाही. दुसरं म्हणजे किनाऱ्याला थंड प्रवाह आहेत, तळातलं गार पाणी वर येतं. गार पाण्यावरची हवा दमट, धुक्याची. जमिनीवर वर्षानुवर्षं पाऊस नाही पण समुद्रावरून उडतं कमीच.

बाष्पीभवन पावसाच्या अभावाने होत नाही. पाण्याच्या पृष्ठाशी असलेली वाफ आणि वरच्या हवेतली वाफ यांत जितका फरक, आणि वारा जितका, तितकं पाणी उडतं. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात ते हिवाळ्यात जास्त असतं, उन्हाळ्यात नाही! पाणी अजून कोमट, त्यावरून जमिनीकडची कोरडी गार हवा वेगाने वाहते. सुएझच्या उथळ आखातात हिवाळ्यात असं गार आणि अतिखारट पाणी तयार होतं आणि तळाने उतरून तांबड्या समुद्राच्या खोल पाण्यात जाऊन मिळतं.

तिरकस | *बरं*

हिवाळ्यातलं बाष्पीभवन माहीत नव्हतं. तलवार म्यान.

रिकामटेकडा | *शार्क बेबद्दल*

धाग्यात हॅमेलिन पूलचा नुसता उल्लेख करून पुढे गेलात, म्हणून थोडी भर. ही जागा मला फार आवडते. (अवांतर वाटलं तर सांगा.)

बाकी शार्क बे इतका खारट नाही, मग हाच कोपरा दुप्पट का? कारण दाराशी उंबरठा आहे, फॉर सिल नावाचा. हा दगडाचा नाही, मुख्यतः समुद्रगवताने बांधलेला. गवत प्रवाह मंदावतं, गाळ आणि शिंपल्यांचा चुरा त्याच्या मुळांशी अडकतो, त्यावर पुन्हा गवत. हजारो वर्षांत एवढा उंच बांध झाला की आतल्या कुंडाची समुद्राशी देवाणघेवाण मंदावली. मुक्काम वाढला आणि क्षारता वाढली. समुद्रफेन म्हणतात त्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही: ऊन तेच, पाऊस तोच, फरक फक्त उंबरठ्याच्या आतबाहेरचा.

एवढ्या खारट पाण्यात शेवाळ खरवडून खाणाऱ्या बहुतेक गोगलगायींचा निभाव लागत नाही. म्हणून तिथे सूक्ष्मजीवांचे थरावर थर चढून झालेले दगडी खुंट, स्ट्रोमॅटोलाइट, अजून वाढतायत. वाढ वर्षाला मिलिमीटरभरही नाही. या जातीच्या रचनांचे जीवाश्म साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे सापडतात. जिवंत पाहायच्या तर जगात मोजक्याच जागा. शार्क बे १९९१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात यांचा मोठा वाटा.

आणि ज्याला हे पाणी मानवतं त्याची चंगळ. नखाएवढा पांढरा शिंपला आहे, फ्रॅगम जातीचा. शत्रू कमी, त्यामुळे अमाप वाढला. शेजारच्या ल्हारिडॉन उपखाडीत शेल बीच म्हणून किनारा आहे, तिथे वाळू नाहीच, किलोमीटरच्या किलोमीटर नुसते हे शिंपले, कित्येक मीटर जाडीचे. खालचे थर पावसाच्या पाण्याने विरघळलेल्या चुन्याने एकमेकांना चिकटून दगडासारखे झालेत. पूर्वी करवतीने त्याचे ठोकळे कापून तिथे इमारती बांधल्या.

२०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्री उष्णतेची लाट आली आणि शार्क बेचं समुद्रगवत मोठ्या प्रमाणात मेलं. गवतच उंबरठा बांधतं आणि टिकवतं हे लक्षात घेतलं तर त्याचा अर्थ कळेल. हवामान फक्त बाष्पीभवनातून काम करतं असं नाही, ते दरवाजाही बदलू शकतं.

भिंगरी | *अजिबात अवांतर नाही*

गवताने बांधलेला बांध ही कल्पनाच भारी. मला एक विचारायचंय. उंबरठा आणखी उंच झाला, बाहेरची वाट बंदच झाली, तर क्षारता कुठवर जाईल? काही मर्यादा?

समुद्रफेन | *मर्यादा आहे*

पाणी जसं खारट होतं तसं त्याचं उडणंही मंदावतं. समुद्राच्या पाण्यात हा फरक दोनेक टक्क्यांचा, दुर्लक्ष करण्याजोगा. पण मिठाने पूर्ण संपृक्त पाण्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेलाच त्याच्याशी समतोलात येते. हवा त्याहून दमट असेल तर ते पाणी उडण्याऐवजी हवेतली वाफ ओढतं. वाटेत क्षारही एकेक करून बाहेर पडायला लागतात. समुद्राच्या दुप्पट-तिपटीला चुना, साडेतीन-चार पटीला जिप्सम, दहा पटीच्या आसपास खायचं मीठ. मिठागरांच्या कुंड्यांची रांग याच क्रमावर चालते.

बाहेरची वाट बंद असलेला नमुनाही आहे. कॅस्पियन समुद्राला लागून तुर्कमेनिस्तानात कारा-बोगाझ-गोल नावाचं उथळ आखात आहे. कॅस्पियन स्वतःच बंदिस्त, पण हे आखात त्याहून खाली, म्हणून चिंचोळ्या वाटेने पाणी फक्त आत येतं, परत जात नाही. मीठ साचतं आणि तळाशी बसतं. कॅस्पियनची पातळी घटतेय, हे आखात फुकट पाणी पितंय, असा विचार करून सोव्हिएत सरकारने १९८० मध्ये त्याच्या तोंडावर बांध घातला. काही वर्षांतच आखात आटून कोरडं पडलं आणि वाऱ्यावर मीठ उडायला लागलं. कॅस्पियनची पातळी तर त्याआधीच आपणहून वर यायला लागली होती. १९९२ मध्ये बांध फोडला, आखात पुन्हा भरलं.

याच्या उलट टेक्सासमधलं लगुना माद्रे. लांबट, उथळ, बाहेर वाळूच्या बेटांची भिंत. तिथली क्षारता कोरड्या वर्षांत शंभराच्या वर जायची, मासे मरून पडायचे. १९४९ मध्ये जहाजांसाठी त्यातून लांबच लांब कालवा खणला गेला. हेतू वाहतुकीचा, पण पाण्याला वाट मिळाली आणि तेव्हापासून तेवढी टोकाची क्षारता राहिली नाही. ऊन तेच, पुन्हा.

पाणकोंबडी | *नदी असूनही उलटं*

सेनेगलमधली सालूम नदी या चर्चेत हवीच. नकाशावर ती रीतसर नदी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सहेलमध्ये (सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात) दुष्काळाची मालिका सुरू झाली, वरून येणारं पाणी नावापुरतं उरलं आणि जमीन इतकी सपाट की समुद्र शंभर किलोमीटरपेक्षा आत शिरतो. आता नदीत वर जावं तसं पाणी खारट होतं, काओलाक शहराकडे समुद्राच्या दुपटी-तिपटीपर्यंत. खारफुटीला खारं पाणी चालतं म्हणून कितीही खारं चालतं असं नाही; वरच्या भागातली तिवरांची वनं त्या दशकांत मोठ्या प्रमाणात वाळली. हवामान कोरडं झालं की सरळ खाडी उलटी होऊ शकते याचं हे चालतंबोलतं उदाहरण.

यातला मधला प्रकार उत्तर ऑस्ट्रेलियाच्या नद्यांत दिसतो. पावसाळा संपल्यावर वरून पाण्याची बारीक धार चालू असते, बाष्पीभवन जोरात. मग टोकाला गोडं, मुखाशी समुद्राएवढं आणि मध्येच एका पट्ट्यात समुद्रापेक्षा खारट. हा पट्टा बुचासारखा बसतो. वरच्या पाण्यातला गाळ, अन्नद्रव्यं, सोडलेली घाण, सगळं बुचाच्या मागे अडकतं, पुढचा पाऊस येईपर्यंत.

डोकेफोड | *क्षारनिर्मूलन प्रकल्प*

शेवटची शंका. कोरड्या प्रदेशात पिण्याचं पाणीही समुद्रातूनच काढतात आणि उरलेलं तीव्र खारट पाणी परत सोडतात. हे म्हणजे आगीत तेल नाही का?

समुद्रफेन | *कुठे सोडता त्यावर*

पूर्ण आखाताचा हिशेब केला तर उन्हापुढे माणूस अजून लहान आहे. पर्शियन आखाताचं क्षेत्र सुमारे २.४ लाख चौरस किलोमीटर. वर्षाला दीड मीटर पाणी उडतं असं धरलं तरी ३६० घन किलोमीटर होतात. प्रकल्प काढून घेतात ते याच्या पासंगालाही नाही. हा मुद्दा प्रकल्पवाले नेहमी पुढे करतात आणि तो खोटा नाही, पण सोयीचा आहे. कारण सोडलेलं पाणी अख्ख्या आखातात पसरत नाही. ते जड असतं, तळाला धरून सरकतं आणि खोलगट जागी बसतं. उन्हाळ्याची अखेर, भांगाचे दिवस आणि मुक्काम लांबलेला आतला कोपरा, तिन्ही एकत्र आले तर तिथला हिशेब वेगळा. शिवाय पाणी जितकं उबदार आणि खारट तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात, त्याहून खारट पाण्यात आणखी कमी. तळाला थर धरून बसलेल्या पाण्याला वरून नवा प्राणवायूही मिळत नाही.

स्पेन्सर आखातात व्हायला नावाच्या शहराजवळ पॉइंट लोलीला हाच वाद झाला होता. ऑलिंपिक डॅम खाणीच्या विस्तारासाठी तिथे क्षारनिर्मूलन प्रकल्प ठरत होता आणि नेमकं त्याच खडकाळ पट्ट्यात दर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचे महाकाय कटलफिश हजारोंनी अंडी घालायला जमतात. अंडी खडकाच्या कपारीत तळाशी चिकटवलेली असतात, उठून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. विरोधकांचा भर डॉज टाइडवरच होता: भरतीच नसेल तेव्हा सोडलेलं पाणी पातळ कोण करणार? २०१२ मध्ये खाणीचा तो विस्तारच बारगळला.

भिंगरी | *मोजायचं कसं?*

एखाद्या उपसागरात असं काही होतंय का हे तपासायचं तर किमान काय मोजावं लागेल? महागडी यंत्रं नकोत.

समुद्रफेन | *किमान यादी*

क्षारता आणि तापमान एकत्र, कारण नुसत्या क्षारतेवरून पाणी जड की हलकं ते ठरत नाही. विद्युतवाहकता मोजणारं साधं हातातलं उपकरण चालेल, फक्त त्याची वरची मर्यादा बघून घ्या. बरीच उपकरणं समुद्राच्या क्षारतेच्या जरा पुढे गेली की दम तोडतात. अपवर्तनमापकाने (पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगणारं उपकरण) थेंबावर मोजलं तर तो प्रश्न उशिरा येतो.

जागा तीन: मुख, मध्य, आतलं टोक. मधली गाळू नका, सगळ्यांत हलकं पाणी तिथेच सापडतं. प्रत्येक जागी पृष्ठ आणि तळ, तळाचं पाणी बाटली उघडता-मिटता येईल अशा साध्या नमुनापात्राने. एकदा उधाणाला, एकदा भांगाला. एकदा उन्हाळा संपताना, एकदा कडाक्याच्या थंडीत. आणि भरतीची वेळ प्रत्येक नोंदीसोबत लिहा, नाहीतर मुखाशी भरतीला घेतलेला नमुना समुद्राचा असतो आणि ओहोटीला घेतलेला उपसागराचा, आणि दोन्ही एकाच रकान्यात जाऊन बसतात.